हमीदचाचांचा लातूर रस्ता

हमीदचाचांची आणि माझी ओळख झाली तीच त्यांनी माझ्या हातातली स्टिक काढून घेतली तेव्हा. विष्णुपुरीचं कॉलेज मधूनच सोडून मी नांदेडात नुसता फिरत होतो. त्यांच्या पूल क्लबात शिरलो आणि पहिलाच बॉल असा ठोकला की तो टेबलावरून उडून बाकाखाली गेला. चाचांनी वाकून तो स्वतः काढला, बाहीला पुसला, माझी स्टिक काढून घेतली आणि म्हणाले, "बाबा, ह्यानं तुझं काय घोडं मारलं?"

त्या चाचांना यंदा साठ पूर्ण होत आहेत. त्यांच्याविषयी या स्मरणिकेत मोठी माणसं लिहितीलच. मी फक्त त्यांनी शिकवलेल्या वेगाबद्दल लिहितो.

नव्या पोराला चाचा सुरुवातीला बॉल पॉकेटात घालूच देत नाहीत. पांढरा बॉल सोडायचा आणि ते म्हणतील तिथं थांबवायचा, बस. वेगाला त्यांनी नांदेड-लातूर रस्त्यावरच्या गावांची नावं दिली आहेत. अर्ध्या टेबलावर थांबला तर विष्णुपुरी. समोरच्या काठापर्यंत, म्हणजे कुशनपर्यंत, जाऊन टेकला तर लोहा. तिथून फिरून आपल्यापाशी आला तर अहमदपूर. आणि टेबलभर धडकत फिरणारा तो लातूर. "लातूर आमची सासुरवाड. तिथं रोज जात नसतात," असं म्हणत तो वेग ते फक्त डाव फोडायला, म्हणजे सुरुवातीला रचलेले बॉल उधळायला, वापरू देतात.

स्टिक पिकल्या सीताफळासारखी धरायची. आवळली की गेली. "वेग पुढं जाताना ठरत न्हाई. स्टिक मागं किती घेतली, तिथंच ठरतो," हे त्यांचं नेहमीचं सांगणं. हळू आलेला बॉल पॉकेटच्या कडेला घासला तरी आत पडतो, जोराचा तिथूनच माघारी येतो. हे मात्र ते सांगत बसत नाहीत, दोन बॉल मारून दाखवतात.

त्यांचा आवाज चढलेला मी ऐकलेला नाही. एकदा दोघांनी पैज लावली. चाचांनी त्या टेबलावरचा दिवा बंद केला आणि शेजारच्या टेबलाचं कापड ब्रशनं झाडू लागले.

"चाचा, लाईट?"

"खेळायला लागलात की लावतो."

माझ्यावरचा त्यांचा उपकार वेगळा आहे. मला एक मुलगी आवडत होती. तिचं नाव इथं लिहीत नाही, क्लबाला ठाऊक आहे. ती लातूरला नोकरीला लागली आणि तिला बघायला तिथंच पाहुणे येणार असल्याचं मला कळलं. मी तिला कधी सरळ विचारलंही नव्हतं. तरी मोटारसायकलची किल्ली नाचवत मी क्लबात ओरडत होतो की आत्ता जातो आणि एकेकाला उठवून लावतो.

"हाव, जा की," चाचा म्हणाले. "तेवढा एक अहमदपूर लाव आणि जा."

मी मारू लागलो. एकही बॉल थांबेना.

"अजून लातूरलाच चाललास. चहा घेतो का?"

दुपार सरली. शेवटी पांढरा बॉल समोरच्या कुशनला टेकला, सावकाश परत आला आणि माझ्यापाशी थांबला. चाचांनी हात पुढं केला. मी किल्ली दिली.

"उद्या एसटीनं जा. तिला भेट, पाहुण्यांना न्हाई. इचारायचं ते इचार, आन् ती बोलंल ते पुरं ऐक."

मी गेलो. तिच्या ऑफिसबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. मी विचारलं. ती म्हणाली, "तू असं हळू बोलून राहिलास, पहिल्यांदाच ऐकते." मग नाही म्हणाली. तेही हळूच. मी परतीची एसटी धरली.

ती अजून आवडते, हे लिहायला हरकत नाही. दिवाळीत नांदेडला आली तेव्हा रस्ता ओलांडून माझ्याशी बोलायला आली. त्या दुपारीच रागात लातूरला गेलो असतो, तर मला बघून ती रस्ता ओलांडून पलीकडं गेली असती.

लातूरहून परतलो तो थेट क्लबात गेलो. चाचांनी किल्ली टेबलाच्या कडेवर ठेवली, बॉल लावले आणि स्टिक माझ्या हातात दिली.

"फोड. आज लातूर चालतंय."

चाचांचे गुडघे आणि नजर त्यांना अशीच साथ देवोत. इथून पुढचा रस्ता त्यांनी विष्णुपुरीच्याच वेगानं, मध्ये कुठं चहाला थांबत, शंभरीपर्यंत न्यावा. घाई करायला आम्ही आहोत, आणि आम्हाला थांबवायला ते हवे आहेत.