फिक्या चोची

दादा गेल्याचा फोन सुमननंच केला. "आत्या, बाबा गेले. तू सावकाश ये," एवढंच म्हणाली. बाप गेलाय तिचा, आणि मलाच जपते! नायगावहून लातूरला पोचेपर्यंत मी दादावर चिडले होते. असं न सांगता जाणं शोभतं का... महिना झाला, राग उतरला नाही.

दादा, माझा थोरला भाऊ, मत्स्यखात्यात होता. बहात्तरच्या दुष्काळात कंधारकडच्या एका तलावावर त्याची नेमणूक होती. पाणी आटून मधलं बेट उघडं पडलं होतं आणि तिथं सुरय पक्ष्यांनी अंडी घातली होती. सुरय म्हणजे समुद्रपक्ष्यांच्याच कुळातला, पिवळीधमक चोच आणि लाल पायांचा. त्या वर्षीच्या पिल्लांवर मात्र रंग चढेना. दादानं एक पिल्लू घरी आणलं, दुष्काळी कामावर वाटायची ती सुकडी भिजवून भरवली. पिल्लू वाढलं, पण चोच फिकीच, अन् पंधरवड्यात मेलं. मग दादानं पुस्तकं धुंडाळून मला समजावलं, की हा रंग पाखराला अंगात तयार करता येत नाही, तो खाण्यातूनच यावा लागतो. शेवाळातून झिंग्यात, झिंग्यातून मासळीत, मासळीतून पिल्लात. रंग आटला की दुखण्याशी झुंजायचं बळही आटतं. "शांते, पोट भरलं म्हंजी सगळं मिळालं असं न्हाई," तो म्हणाला.

आणि घरात काय चाललं होतं? त्याची चार वर्षांची सुमन दिवेलागणीला उंबऱ्याला ठेचाळायची. वहिनी म्हणायची, नाटकं करते. मी तर एकदा चापट मारली तिला. दादा त्या वेळी तलावावर पिल्लांचे पाय बघत बसलेला असायचा. मग गोवर आला. आईनं पथ्य लावलं, नुसता मऊ भात. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, देव्हारा गेला होता, गोवराचं भय गेलं नव्हतं. नांदेडच्या डॉक्टरांनी पाहिलं तोवर पोरीची दोन्ही बुबुळं विरघळली होती. त्यांनी विचारलं, हिरवा पाला कधी खाल्ला हिनं? पाल्यातल्या रंगातूनच डोळ्यांना लागणारं सत्त्व मिळतं म्हणे. आमच्या दारात शेवगा होता, दुष्काळातही हिरवागार. त्याचा पाला मी रोज शेळीला घालत होते.

परतताना एसटीत दादा एकदाच बोलला. "मला ठाऊक होतं, शांते. घरात मला एकट्यालाच ठाऊक होतं."

पुढं लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्यानं शिरूर अनंतपाळकडं बदली मागून घेतली. पाखरांकडं पुन्हा पाहिलं नाही. गावोगाव हिंडून बायांना विचारायचा, संध्याकाळी कोणतं लेकरू चाचपडतं? मासेवाला येडा झाला, म्हणायचे लोक.

दादाचा जलदानविधी झाल्यावर सुमन मला त्याच्या खोलीत घेऊन गेली. रोज सकाळी तो तिला खिडकीशी बसवून तिच्या पापण्या वर करून बघायचा म्हणे, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत. अजूनही त्या वेळेला ती तोंड धुऊन तिथं जाऊन बसते.

"बाबांनी मला सगळं सांगितलं होतं, आत्या," ती म्हणाली. "शेळीला पाला तेच घालायचे, हेपण."

पाला मी घालत होते, हे मला तिथं सांगवलं नाही. आता मी लिहिलेलं हे छापून आलं, की कुणीतरी तिला वाचून दाखवील.