दहा अंश उशिरा

शनिवार, १८ एप्रिल. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मी मुकुंदच्या गॅरेजचे दार उघडले. तो गेल्याला त्या दिवशी सहा आठवडे झाले होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी चहा घेताना, त्याचे हृदय थांबले. त्याच्या पत्नीने, शालिनीवहिनींनी, फोनवर दोनच शब्द सांगितले. मी ‘येतो’ म्हणालो. अंत्यसंस्कार झाले, माणसे आपापल्या गावी परतली... मागे उरली ती गाडी. बॉनला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, मीराने, ती विकायचे ठरवले होते. “काका, सोमवारी एकजण बघायला येतोय. नुसती सुरू होऊन उपयोग नाही, नीट चालली पाहिजे,” असे तिने मला बजावले होते. गाडी नीट चालत नाही हे तिलाही ठाऊक होते.

मुकुंद आणि मी एकाच वर्षी पुण्याहून हॅनोव्हरला आलो आणि एकाच कारखान्यात लागलो. तो इंजिनांच्या चाचणीकक्षात, मी मोजमापाच्या विभागात. त्याची नोकरी कानाची होती, माझी डोळ्याची. एवढ्या एका भेदावर आम्ही आयुष्यभर वाद घातला. निवृत्तीनंतर त्याने ही सहा सिलिंडरची, पन्नास वर्षांहून जुनी गाडी घेतली. रविवारी इंजिन चालवले तर शेजारी तक्रार करतात आणि शनिवारी दुपारी एकनंतरही भुवया उंचावतात. म्हणून शनिवारी दहा ते एक ही आमची वेळ ठरली. माझी पत्नी वारल्यावर मी कुठेच जाईनासा झालो होतो. या गॅरेजमध्ये मात्र मी एकही शनिवार चुकवला नाही.

गाडीचा दोष सांगायला सोपा होता. उभी असताना इंजिन संथ चाले. वेग घेण्यासाठी पेडल दाबले की क्षणभर अडखळे, जणू श्वास घ्यायला विसरले आहे, आणि मग उचल खाई. मुकुंदने पहिल्याच दिवशी निदान केले. “ठिणगी उशिरा पडतेय.” पिस्टन वर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते, उशीर झाला की जोर वाया जातो. मी टायमिंग लाइट लावला. हा दिवा प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकतो आणि त्याच्या प्रकाशात इंजिनाच्या पुलीवरची फिरती खूण स्थिर दिसते. खूण नेमकी जागेवर होती. मी म्हणालो, दोष कार्ब्युरेटरचा. तो हसला. “तुझ्या दिव्याला दिसतं रे, ऐकू कुठे येतं?” मी कार्ब्युरेटर तीनदा उघडून साफ केला. प्लग बदलले, वायरी बदलल्या. अधूनमधून तो कानाने अंदाज घेत डिस्ट्रिब्यूटर थोडा फिरवून ठेवी. ठिणगीची वेळ तिथूनच मागेपुढे होते. पुढच्या शनिवारी मी दिवा लावून तो पुन्हा खुणेवर आणी. “घ्या साहेब, तुमची खूण,” म्हणून तो पाना माझ्या हातात देई. पुढे पुढे त्याने फिरवणे सोडले. मला वाटले, त्याला पटले.

गेल्या सप्टेंबरात तो वहिनींना घेऊन उत्तर समुद्राकडे निघाला. या गाडीतून समुद्र पाहायचा, एवढीच त्याची इच्छा होती. महामार्गाला मिळणाऱ्या चढावर त्याने पेडल दाबले आणि गाडी अडखळली. मागून येणाऱ्या ट्रकने कर्णा वाजवीत जेमतेम ब्रेक लावला. वहिनी घाबरल्या. पुढच्याच फाट्यावरून दोघे परतले. मला त्याने एवढेच सांगितले, “समुद्र काही पळून जात नाही.” नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्या गाडीला रस्त्यावर यायची मुभा नव्हती; तिची नोंदणी हंगामी, आणि नंबरप्लेटवरच चालू महिने कोरलेले आहेत. मार्च उजाडला, आणि तो गेला.

त्या शनिवारी मी नेहमीचा क्रम पाळला. इंजिन गरम केले, दिवा लावला, खूण पाहिली. जागेवर. गल्लीत फेरी मारली. गाडी अडखळली. बदलण्यासारखे आता काही उरले नव्हते. मग डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाशी खिळ्याने ओढलेली एक बारीक रेघ दिसली. ती मी पूर्वीही पाहिली होती आणि तिच्याकडे दुर्लक्ष केले होते. मुकुंदच्या कानाने ठरवलेली ती जागा. मी नट सैल केला, डिस्ट्रिब्यूटर त्या रेघेवर आणला आणि पुन्हा फेरी मारली. गाडी एकदाही थबकली नाही. परत येऊन दिवा लावला, तर खूण दहा अंश दूर.

मग मी पहिल्यांदा खुणेवर संशय घेतला. प्लग काढले, पहिल्या सिलिंडरमध्ये अडसर बसवून इंजिन हाताने दोन्ही बाजूंनी फिरवले आणि पिस्टन खरोखर कुठे वर पोचतो ते मोजले. पुलीचे बाहेरचे कडे आतल्या रबरावर बसवलेले असते. रबर जुने झाले होते, कडे सरकले होते आणि त्याच्याबरोबर खूणही. दहा अंश. चाळीस वर्षे मी इतरांना शिकवले, आधी मोजपट्टी तपासा, मग वस्तू. इथे चार वर्षे मी तपासली नाही.

प्लग पुन्हा बसवून इंजिन सुरू केले, तेव्हा वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

“भावोजी, आवाज वेगळा येतोय.”

मी इंजिन बंद केले आणि जे झाले ते सांगितले. चूक माझी होती. त्यामुळे तुम्ही दोघे अर्ध्या वाटेवरून परत आलात.

“ह्यांना माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

“मग बोलला का नाही?”

“बोलले की. तुम्ही ऐकलं नाहीत. मी म्हटलं, अहो, स्पष्ट सांगा ना त्यांना. तर म्हणाले, त्याची खूण खोटी ठरवली, तर तो यायचाच बंद होईल.”

मी पाने पुसून पेटीत ठेवले.

“समुद्रापर्यंत जाईल?” वहिनींनी विचारले.

“जाईल.”

“उद्या?”

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मी महामार्गावर गाडी चालवत नाही, हे मी त्यांना सांगितले.

“मग मी चालवते. माझं लायसन्स ह्यांच्या आधीचं आहे. हे पहिल्या खेपेला नापास झाले होते. तुम्हाला सांगितलं नसेल कधी!” त्या हसल्या आणि लगेच त्यांनी डोळ्यांना पदर लावला. “तुम्ही शेजारी बसा. आणि मी आवाज ऐकत असताना मध्ये बोलू नका. सोमवारच्या माणसाला येऊ नका म्हणून कळवते. मीराशीही मीच बोलेन.”

त्या फोन करायला घरात गेल्या. मुकुंद सहा फूट उंच होता; चालकाची सीट त्याच्या बेताने अगदी मागे होती. सकाळपासून मी पाय ताणून पेडलपर्यंत पोचत होतो, पण ती हलवली नव्हती. एक वाजायला दहा मिनिटे होती. मी सीटखालचा दांडा उचलला आणि ती वहिनींसाठी चार खाचा पुढे घेतली.