ताईच्या गोळ्या निघाल्या!

मैत्रिणींनो, आधी एक चूक दुरुस्त करते. आपल्या महिला मंडळाच्या भिंतीवर परवा मी लिहून लावलं होतं, की पोस्टातून औषध परदेशात जातच नाही. ते खरं नाही. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आणि आत काय आहे ते लिहून सही केली, की जातं.

नैरोबीच्या माझ्या ताईला दमा आहे आणि तिकडच्या गोळ्या तिला मानवत नाहीत. इथून नेलेल्या संपत आल्यात. म्हणून आज मांजरपाटात शिवलेलं पार्सल घेऊन आई आणि मी पनवेलच्या पोस्टात गेलो.

"आत गोळ्याच ना? करा सही," पोस्टातले बाबू म्हणाले.

मी टाक उचलला, तोच आईने माझा पदर ओढला. "अगं, थोडं मेतकूट घातलंय."

"आई!"

"पुडी तर आहे एवढीशी. कोण बघतंय? कर सही."

मला घरीच अक्षर गिरवायला शिकवताना वडिलांनी, अण्णांनी, बजावलं होतं, खोट्याखाली नाव लिहू नये. शिवाय त्या पिवळ्या भुकटीपायी गोळ्याच अडकल्या तर? बाकावर बसून मी शिवण उसवली आणि पुडी बाहेर काढली.

"चारचौघांत माझी शोभा केलीस," आई पुटपुटली.

"काकू, मेतकूट आम्हाला द्या, गोळ्या जाऊ द्या!" बाबू म्हणाले, आणि आईलाही हसू फुटलं.

पुन्हा शिवलं, लाख लावली, शिक्का बसला. गेलं पार्सल!

या पार्सलात न मावलेल्या गोळ्या मी पुन्हा पोस्टात टाकणार आहे. तुमचंही कुणी औषधासाठी तिकडे वाट बघतंय का? मग माझ्याबरोबर चला, येत्या शुक्रवारी.