न्हाणीघराचा खुला बाजार

बाहेर दाट धुकं होतं आणि बाजारभाऊ लेख संपवत बसले होते. बावीस वर्षं वर्तमानपत्रात ते एकच गोष्ट नाना परींनी लिहीत होते: सरकारनं लुडबुड करू नये, बाजार आपलं बघून घेतो. म्हणूनच ऑफिसात त्यांना हे नाव पडलं होतं.

घरात भाऊ, बायको, लेक आणि म्हातारी आई, न्हाणीघर एकच. रोजची वादावादी मिटवायला भाऊंनीच नियम केला होता: प्रत्येकाला सकाळचा एक नंबर, आणि तो कामाच्या बदल्यात कुणालाही द्यावा.

आज नऊला नव्या संपादकांनी बोलावलं होतं. सदर राहणार की जाणार, ते ठरायचं होतं. भाऊ टॉवेल घेऊन उठले, तर लेक दाराशी खुर्ची टाकून बसलेली. काल शर्टाच्या इस्त्रीपायी भाऊंनी आपला नंबर तिलाच दिला होता, आपल्या म्हाताऱ्या आईचा मागून घेऊ म्हणून. पण आजीचा तो नंबर लेकीनं सुया ओवून आधीच मिळवला होता, आणि भाऊंच्या बायकोचा भाजी निवडून.

"चारही माझेच, बाबा. आठवडाभर भांडी घासाल?"

"अगं, बाप आहे मी तुझा."

"म्हणजे सरकार मध्ये पडणार?"

"पडू दे की एकदा," आतून आजी म्हणाली.

भाऊंनी हुकूम सोडायला तोंड उघडलं, टेबलावरच्या लेखाकडं बघितलं आणि मिटलं. "तीन दिवस."

"पाच."

"चार. करपलेलं पातेलं तुझं."

संपादकांनी सदर ठेवलं, शब्द तेवढे निम्मे केले. संध्याकाळी ही बातमी सांगता सांगताच भाऊंनी बाह्या सरसावल्या आणि नळ सोडला.