बाळारामचं पोट आणि बॉयलरचं मॅनहोल

बाळाराम भोईर कमरेपर्यंत बॉयलरच्या आत होता आणि कमरेखाली बाहेर. बूट आमच्याकडे. आतून ओरडा चालला होता, "वढा रं! वढा!" आणि दोन हेल्पर त्याचा एकेक पाय धरून ओढत होते. तो पुढेही जाईना आणि मागेही येईना.

"बाळाराम, श्वास सोड," मी बाहेरून सांगत होतो. "पूर्ण सोड. पोट ढिलं ठेव. घाबरू नकोस."

"साहेब, तुमाला भाईर उभं ऱ्हाऊन बोलायला काय जातंय?"

शेवटी कॅन्टीनमधून भांडी घासायचं लिक्विड मागवलं आणि त्याच्या कमरेभोवती ओतलं. तेव्हा कुठे तो बाहेर आला. त्याच्या बॉयलर सूटचं एक बटण मात्र तुटून आत पडलं. बॉयलरच्या आत परकी वस्तू ठेवून चालत नाही. मग कॉन्ट्रॅक्टरचा एक काटकुळा माणूस आत पाठवला. त्याने बटण आणलं आणि बाळारामचं आतलं कामही जमेल तसं उरकलं. बाळाराम खाली बाकावर बसून साबण पुसत होता. मी त्याला चहा दिला, तर घेतला नाही. वीस वर्षांत त्याने चहाला नाही म्हटल्याचं मी पाहिलं नव्हतं.

खोपोलीच्या एका कारखान्यात मी बॉयलर हाऊसचा इनचार्ज होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीत पुढे मीही काही शहाणा ठरत नाही.

बॉयलर म्हणजे घरच्या कुकरचा आजोबा. वरच्या मजल्यावर ड्रम नावाची लांबलचक आडवी टाकी असते. तिच्या दोन्ही टोकांना माणूस आत जाण्यापुरतं लंबगोल तोंड असतं, ते मॅनहोल. आमचं होतं सोळा इंच बाय बारा इंच. वर्षातून एकदा, एप्रिलच्या शटडाऊनला, बॉयलर थंड करायचा. (बाळाराम अडकला तो नोव्हेंबरातल्या मधल्याच एका दुरुस्तीत.) एका मॅनहोलला हवेसाठी पंखा लावायचा, दुसऱ्यातून माणसाने आत शिरायचं, पाण्याचा खार खरवडायचा, वेल्डिंग तपासायचं. त्यानंतर सरकारी बॉयलर इन्स्पेक्टर येतात आणि पुढच्या वर्षाचं सर्टिफिकेट देतात. त्यांच्यापुढे आमचा एक फॉर्म ठेवायचा असतो. त्यावर 'आत जाऊन पाहणी केली' असा रकाना असतो, आणि त्यापुढे सही माझी.

बाळाराम कडावचा. वय अठ्ठेचाळीस. घरची भातशेती, दोन म्हशी आणि आमची नोकरी. आत पालथा पडून तो हातोडीने टकटक करायचा आणि आवाजावरून सांगायचा, "साहेब, ह्यो जॉइंट शिनलाय." इन्स्पेक्टर यंत्र लावून बघायचे आणि तो जॉइंट खरंच शिणलेला निघायचा. पाच वर्षांपूर्वी तो सुपरवायझर झाला. सुपरवायझरला खुर्ची मिळते. खुर्ची मिळाली की घाटावर काय आणि घाटाखाली काय, पोट आपोआप मिळतं.

दुसऱ्या दिवशी प्लँट मॅनेजरनी मला बोलावलं. सबनीससाहेब चाळिशीतले, सडपातळ. पहाटे उठून खंडाळ्याचा घाट सायकलने चढणारे. त्यांच्या टेबलावर भिजवलेले बदाम असायचे.

"तुमच्या माणसाचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"सर, त्याच्यासारखा कान दुसऱ्याला नाही."

"कान आत जातो हो. पोट जात नाही. मॅनहोल मोठं करता येईल?"

"नाही सर. ड्रम कापायला परवानगीच मिळणार नाही."

"मग माणूस लहान करा. एप्रिलच्या शटडाऊनपर्यंत वेळ देतो. नाही जमलं तर त्याला स्टोअरमध्ये टाकू आणि आतलं काम कॉन्ट्रॅक्टवर देऊ."

स्टोअर म्हणजे नटबोल्ट मोजून द्यायचे आणि पावतीवर सही घ्यायची. मी हे बाळारामला सांगितलं.

"मंग मला घरीच बसवा, साहेब," तो म्हणाला. "स्टोअरात नको. तिथं काय ऐकाया येतं?"

मला त्याचं वाईट वाटलं. म्हणून मी त्याला अर्धा तास लेक्चर दिलं. चाळिशीनंतर जिभेला लगाम हवा, शरीर म्हणजे मशीनच, वगैरे. माझ्या टेबलावर तेव्हा क्रीम बिस्किटांचा पुडा फोडलेला होता, आणि माझा पट्टा पोटाच्या बराच खालून गेलेला होता. ते दोघांनाही दिसत होतं. पण साहेबाला कोण सांगणार?

आमच्या धंद्यात 'गो–नो-गो गेज' नावाची चीज असते. एखादा पार्ट किती मिलिमीटर जास्त आहे, हे ती सांगत नाही. जातो की जात नाही, एवढंच सांगते. मी वेल्डरकडून दहा एमएमच्या सळईची लंबगोल रिंग वळवून घेतली, बरोबर सोळा बाय बारा. बॉयलर हाऊसच्या दाराशी ती टांगली. दर शनिवारी बाळारामने हात वर करायचे, आम्ही रिंग डोक्यावरून खाली सोडायची आणि तिथेच टांगलेल्या वहीत 'गो' किंवा 'नो-गो' लिहायचं. पहिल्या शनिवारी रिंग छातीवरून उतरली आणि बेंबीच्या चार बोटं वर बसली. सगळी शिफ्ट बघायला जमली होती.

कारखान्यात दर गुरुवारी डॉक्टर मॅडम येत. त्यांच्याकडे गर्दी असे. त्यांनी बाळारामला तपासलं आणि कागदावर लिहून दिलं: भात बंद, गोड बंद, रोज चालणे.

"भात बंद?" बाळारामने कागद उलटा करून पाहिला, मागे काही सवलत लिहिली आहे का म्हणून. "मॅडम, आमी भातवाली माणसं."

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या. "नेक्स्ट."

बाळारामने शब्द पाळला. दोन महिने भाताचं शीत तोंडात घातलं नाही. गोडाला नाही म्हणाला. सकाळी चालूही लागला. आणि दर शनिवारी रिंग बेंबीच्या चार बोटं वरच बसली. वहीत आठ वेळा 'नो-गो' झालं. शिफ्टमधल्या पोरांनी पैजा लावणंही सोडलं, कारण बाळारामच्या बाजूने कोणी लावेना.

"देवाशपथ, साहेब," तो म्हणाला. "तुमी घरी येऊन बघा."

मी रविवारी कडावला गेलो. खरं तर तपासणीलाच गेलो, पण नवे तांदूळ न्यायला आलो असं सांगितलं. त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी, लगेच घावणे टाकले. जाळीदार, पांढरेशुभ्र, बरोबर नारळाचा रस. मी चार खाल्ले, पाहुण्याने नको म्हणायचं नसतं. बाळारामने सहा खाल्ले आणि रस बाजूला सारला, कारण त्यात गूळ होता. पथ्य मात्र कडक.

जेवायला बसलो. बाळारामपुढे आधी वाडगाभर पेज आली. मग एकावर एक चार भाकरी, वालाचं बिरडं, तळलेला बोंबील, पापड.

"बघा भावजी," वहिनी मला म्हणाल्या, "भात सोडला ना यांनी, पोट कशानं भरायचं? म्हनून दोन भाकरी वाढवल्या मी."

"भाकरी कसली, वहिनी?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तांदळाची. भाकरी आनखी कसली असती?"

"आणि पेज?"

"ती तर पातळच असती, साहेब," बाळाराम म्हणाला. "पानी वो."

"पापड?"

"पोह्याचं."

"अरे बाळाराम, सकाळपासून तू भातच खातोयस रे! दळलेला, भिजवून वाटलेला, कांडलेला, पातळ केलेला!"

"भात कुटं हाय यात?" त्याने खरोखर ताटात पाहिलं. "भाकरी म्हंजे भाकरी नं? मॅडमनी भाकरी लिवली नवती."

मॅडमनी नव्हतीच लिहिली. त्या पुण्याच्या, त्यांच्या डोळ्यांपुढची भाकरी ज्वारीची. मी इथे तीस वर्षं राहतो, पण माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. वहिनींनी कपाळावर हात मारला. "म्हंजे दोन महिनं मी माज्या हातानं यांचं पोट वाढवत व्हते?" असं म्हणून त्या रडकुंडीला आल्या. बाळाराम उठून त्यांना समजावू लागला, "तुजी काय चूक हाय गं? ताटात पडंल तं मीच खाल्लं नं?" मला फार अवघडल्यासारखं झालं. तांदळाचेच घावणे तर माझ्याही पोटात होते.

गुरुवारी मी स्वतः मॅडमकडे त्याला घेऊन गेलो. या वेळी त्या पाच मिनिटं जास्त बसल्या. सगळं ऐकून खूप हसल्या, मग म्हणाल्या, "भात खा, मामा. दुपारी एक वाटी. पण मग त्या जेवणात तांदळाचं दुसरं काही नाही. रात्री एक नाचणीची भाकरी. अर्धं ताट भाजी, वाल, मूग, मासे खा, तळू नका. चहा किती?"

"धा कप. पन अर्ध-अर्ध."

"साखर?"

"ती पुरी."

चहा दोनवर आला, बिनसाखरेचा. बाळारामला वाटत होतं की पोटाचे व्यायाम केले की पोट उतरेल. मॅडमनी सांगितलं, शरीर कुठून उतरायचं ते आपल्याला विचारत नाही. सगळीकडून थोडं थोडं उतरतं, आणि पोट बहुतेक शेवटी. तेव्हा पाय चालवा, दम लागू द्या, आणि धीर धरा.

पाय चालवायला आमच्याकडे जागा होती. ड्रमच्या मजल्यावर जायला बावन्न पायऱ्यांचा लोखंडी जिना आहे. वरच्या प्रेशर गेजचं रीडिंग दर तासाला घ्यायचं असतं. सुपरवायझर झाल्यापासून बाळाराम खालून हेल्परला ओरडायचा आणि तो वरून आकडा ओरडायचा. आता तो स्वतः चढू लागला. पहिल्या आठवड्यात वर पोचल्यावर आकडा सांगायला त्याला दोन मिनिटं लागत. संध्याकाळी तो आणि वहिनी बांधाबांधाने दूधडेअरीपर्यंत चालत जात. महिन्याभरात वहिनींच्या बांगड्या सैल झाल्या आणि बाळारामची रिंग जागची हलली नाही. तो फार चिडला. मग पुतण्याची हळद आली. आमच्याकडे हळदीला मटण वाढतात तेव्हा वाढणारा हात आवरत नाही. त्या शनिवारी रिंग बोटभर वर सरकली.

मार्चमध्ये मात्र ती खाली सरकू लागली. बेंबी गाठली, मग बेंबीवर अडून बसली. आणि एप्रिलच्या पहिल्या शनिवारी ती बेंबीवरून घासत उतरली, कमरेवरून सुटली आणि खणकन जमिनीवर पडली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. वहीत पहिल्यांदा 'गो' लिहिलं गेलं. बाळारामने रिंग उचलली, कपाळाला लावली आणि परत खिळ्याला अडकवली.

शटडाऊनला इन्स्पेक्टर आले. सबनीससाहेबही बघायला आले. बाळारामने एक हात पुढे घातला, मग डोकं, मग खांदा तिरका केला आणि आत शिरला. आतून हातोडीची टकटक सुरू झाली. आम्ही बाहेर कान लावून उभे. पंधरा मिनिटांनी टकटक एका जागी थांबली, पुन्हा तिथेच वाजली.

"साहेब," आतून आवाज आला. "हितं बद्द वाजतंय. तुमी बघा जरा."

इन्स्पेक्टरांच्या हातात आमचा फॉर्म होता. ते माझ्याकडे वळले. "इनचार्ज तुम्ही ना? सही तुमची. आधी तुम्ही बघून या, मग मी जातो."

आता खरं सांगतो. गेली आठ वर्षं मी त्या रकान्यात सही करत होतो आणि आठ वर्षं मी मॅनहोलमधून बॅटरी मारून डोकावत होतो. आत बाळाराम असे. तो सांगे, मी लिही. आणि इतक्या शनिवारांत माझ्यावर रिंग टाकून बघावी असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. निदान कोणी बोललं नव्हतं.

सबनीससाहेब समोर उभे. नाही म्हणायची सोय नव्हती. मी हात घातला, डोकं घातलं, खांदा तिरका केला. छाती गेली. मग मी थांबलो. म्हणजे मला थांबावं लागलं. पुढे जाईना, मागे येईना. बाहेर कोणीतरी माझे पाय धरले. आत, हातभर अंतरावर, बाळारामचा घामेजलेला चेहरा होता. तो जराही हसला नाही, हे त्याचे उपकार.

"साहेब, श्वास सोडा," तो हळूच म्हणाला. "पुरा सोडा. पोट ढिलं ठेवा. घाबरू नका."

त्या वेळी मला त्याचं मागचं उत्तर आठवलं, आणि लाज वाटली. मागून सबनीससाहेबांचा आवाज ऐकू आला, "कॅन्टीनमधून ते लिक्विड मागवा." पुढे जरा थांबून, "आणि मॅनहोल मोठं करता येत नाही ना, इनचार्जसाहेब?"

मला बाहेर काढल्यावर इन्स्पेक्टर आत गेले. यंत्र लावलं. बाळाराम म्हणाला होता तिथेच वेल्डला केसासारखी चीर होती. ती दुरुस्त केली, पुन्हा टेस्ट झाली, सर्टिफिकेट मिळालं. बाळारामच्या स्टोअरचा विषय पुन्हा निघाला नाही. फॉर्मवर सबनीससाहेबांनी नवा नियम केला: 'आत जाऊन पाहणी केली' यापुढे जो आत गेला त्याची सही. त्या वर्षी तिथे बाळारामने सही केली. सावकाश, जीभ दाताखाली धरून, पूर्ण नाव लिहिलं. माझी सही खालच्या रकान्यात गेली, 'बाहेर हजर होते' यापुढे.

पुढच्या शनिवारी मी कामावर आलो तर दाराशी बाळाराम रिंग घेऊन उभा. वहीत नवं पान काढलेलं, वर माझं नाव.

"हात वर करा, साहेब."

मी रिटायर होईपर्यंत त्या पानावर एकदाही 'गो' लागलं नाही. निरोपाला शाल, नारळ आणि ती रिंग मिळाली. आता ती घरी बाथरूमच्या दाराला टांगली आहे. बायको त्यावर टॉवेल वाळत घालते. बाळाराम दर महिन्याला फोन करतो, तब्येत विचारतो आणि शेवटी विचारतो, "टावेल काडून रिंग घातली का?" मी हो म्हणतो. बाहेरून बघून सही करायची जुनी सवय, दुसरं काय.