तिसऱ्या चौकोनातली खूण

“टिबिअल प्लॅटो फ्रॅक्चर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे नडगीच्या हाडाचा गुडघ्याखालचा सपाट भाग फुटला होता. सगळा भार तिथेच पडतो. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या क्लिनिकच्या खिडकीतून मला पाडणारा बर्फाचा उभा उतार दिसत होता.

“पडलात तेव्हा बाइंडिंग सुटलं नाही?” त्यांनी विचारलं. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला जखडून ठेवणारा चाप. पडलं की तो सुटावा लागतो, नाहीतर पाय पिळवटतो.

“कोण जाणे,” मी म्हणालो.

मला चांगलं माहीत होतं. २०१७चा मार्च ब्रेक, म्हणजे शाळेची सुट्टी होती, मॉन्ट्रियलहून मी आणि सोळा वर्षांची माझी मुलगी जुई स्कीइंगला आलो होतो. स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात फॉर्मवर तीन चौकोन होते: जपून, मध्यम, बेधडक. त्यावरून चाप किती घट्ट करायचा ते ठरतं. माझा स्कीइंगचा जेमतेम दुसरा हिवाळा. पण जुई शाळेच्या स्की टीममध्ये, आणि ती शेजारीच उभी. मी ऐटीत तिसऱ्या चौकोनात खूण केली.

“इट्स माय फॉल्ट, बाबा,” क्लिनिकमध्ये ती रडत होती. “मीच तुला त्या उतारावर नेलं.”

मी गप्प बसलो.

मॉन्ट्रियलला ऑपरेशन झालं, प्लेट आणि स्क्रू बसले. मग दहा आठवडे नॉन-वेट-बेअरिंग, म्हणजे पाय टेकवायचाच नाही. मायक्रोवेव्हचे शेवटचे दहा सेकंदही मला धीर निघत नाही. कुबड्या आपटत मी स्वयंपाकघर ते खिडकी अशा येरझारा घालायचो. “एका जागी बसशील का जरा?” बायको वैतागायची. बसलो की जुईचे शब्द आठवायचे, आणि मी पुन्हा उठायचो.

सहाव्या आठवड्यात एक्स-रेला जुई सोबत आली. वेटिंग रूममध्ये नंबर पुढे सरकत नव्हता.

“आय’म क्विटिंग द टीम,” फोनवरून मान वर न करता ती म्हणाली. “कोचला आज ईमेल करणार आहे.”

आता राहवेना. मी चौकोनाचं सगळं सांगून टाकलं.

“पण का?”

“तुझ्यासमोर लाज वाटली.”

ती तडक वॉशरूमकडे गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. “सिक्स वीक्स, बाबा. सहा आठवडे तू मला तसं वाटू दिलंस.”

माझं नाव पुकारलं गेलं. तिने कुबड्या पुढे केल्या. हाड जुळत होतं. ईमेल तिने पाठवली नाही, पण आठवडाभर माझ्याशी बोललीही नाही. तो आठवडा सगळ्यात लांब गेला.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर हाडाचं डॉक्टर बघतील. पोटात दडवलेलं मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाका.

पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी सोप्या उतारांची परवानगी दिली. तेच दुकान, तोच फॉर्म. जुईने माझ्या हातातून पेन घेतलं, पहिल्या चौकोनात खूण केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

“साइन कर, बाबा. आज मी तुझ्या मागे राहणार आहे.”

मी मुकाट्याने सही केली.