एकाच साली दोन गावांत

नांदेडच्या त्या प्राध्यापकांवर मी डूख धरून होते, हे आधीच सांगते. माझ्या प्रबंधाचे ते बाहेरचे परीक्षक. त्यांनी तो दोनदा परत पाठवला, आणि तोंडी परीक्षेत सगळ्यांसमोर म्हणाले की रडगाण्यावर पीएच.डी. मिळत नसते. पदवी लांबली, तेवढ्यात पक्की नोकरी दुसऱ्याच्या पदरात पडली.

पुढे लातूरच्या एका कॉलेजात मी तासिकेवर मराठी शिकवू लागले आणि बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला त्यांचंच आत्मचरित्र लागलं. चाकूरजवळच्या खेड्यातून रोज तीन कोस अनवाणी शाळेत जाणारं ते पोर वाचून मुली डोळे पुसायच्या. मी निबंध लिहून घेतले नाहीत. पुस्तकातली प्रत्येक जागा आणि साल एका शीटमध्ये भरून संगणकावरच्या नकाशावर चढवायचं, असा प्रकल्प दिला. साल निवडलं की लेखक तेव्हा कुठं होता तिथं त्याच्या नावाचा ठिपका दिसायचा.

महिन्याभरानं रेणापूरहून येणारी एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. "मॅडम, सर एकाच साली दोन्हीकडं हायेत."

सकाळी चाकूरच्या रानात अनवाणी, संध्याकाळी बारा कोसांवरच्या लातूरच्या वाचनालयात. तिचीच चूक असेल म्हणून मी पानं तपासली. चूक तिची नव्हती. त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना मी चहा पाजला.

फोन करून विचारता आलं असतं. मी त्यांना नकाशाच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. शाल दिली, नारळ दिला, पहिल्या रांगेत बसवलं आणि मग मुलीला ते साल दाबायला सांगितलं. पडद्यावर दोन ठिपके उमटले. ते हसले. आठवणीत असं व्हायचंच, म्हणाले, साहित्याला मोजपट्टी लावू नये. टाळ्या पडल्या. माझ्या तोंडातला घास कुणी काढून घ्यावा तसं मला झालं. मी माइक मुलीच्या हातात दिला.

तिच्या मनात काहीच नव्हतं. तिनं साधंच विचारलं, "सर, तुम्ही लातूरला होता, तर चालत कोण जायचं?"

ते शालीची किनार चाचपत राहिले. "थोरला भाऊ," म्हणाले. "एकालाच शहरात ठेवायची ऐपत होती घरची."

पुस्तकात भाऊ कुठंच नव्हता. अर्पणपत्रिकेतसुद्धा नाही. मी खोटं पकडायला निघाले होते आणि हाती चोरी लागली. दया यायला हवी होती, आली नाही. आता तर माझं आणि त्या भावाचं, दोघांचं उट्टं काढायचं होतं.

कार्यक्रमानंतर गाडीपाशी त्यांनी हळूच विचारलं, तो चाकूरचा ठिपका काढता येईल का.

"येईल की," मी म्हटलं आणि मुलीला हाक मारली. "सरांचं नाव तिथून काढ. ठिपका राहू दे. आणि भावाचं पूर्ण नाव आत्ताच विचारून घे."

गाडीच्या दाराला हात लावून उभ्या उभ्या त्यांना ते सांगावं लागलं.